विक्रेत्याचं नाव

गेंट, बेल्जियम
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय विकास,

फोन सोडून ताई ईमेल कायले लिहून राह्यली, असं तुला वाटेल. तुला फोन केला की तुझ्या ऑफिसात बसलेली गिऱ्हाइकंसुद्धा ऐकतात, आणि गावी रिठदला घरी केला की माय शेजारणींना बोलावून घेते. मला फक्त तुझ्याशी बोलायचंय आणि तेही कामाचं.

माझं इथलं शिवणकाम तुला माहीत आहे. स्टेशनजवळच्या एका हॉटेलचे पडदे, वेटरांचे कोट, चादरींच्या उसवलेल्या कडा माझ्याकडे येतात. शिवाय एक मोठी लाँड्री आहे, ती कारखान्यांचे युनिफॉर्म धुते आणि फाटलेले माझ्याकडे पाठवते. झिपा बदलायच्या, गुडघ्याला ठिगळ लावायचं. महिना संपला की मी संगणकावर बिल करते, पीडीएफ काढते, ईमेलनं पाठवते. आजवर कुणी हूं की चूं केलं नाही.

आता एक जानेवारीपासून हे बंद. इथल्या सरकारचा नियम आलाय की एका धंद्यानं दुसऱ्या धंद्याला बिल दिलं तर ते इलेक्ट्रॉनिकच पाहिजे. मी म्हटलं, पीडीएफ म्हणजे काय पाटीवर लिहिलेलं असतं का? तर नाही म्हणे. पीडीएफ हा बिलाचा नुसता फोटो, तो माणसाला वाचता येतो, यंत्राला नाही. बिल ठरलेल्या साच्याच्या फाइलमध्ये हवं, आणि ते पेपॉल नावाच्या जाळ्यातून माझ्या सॉफ्टवेअरमधून सरळ त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं पाहिजे. मध्ये ईमेल नाही, कागद नाही.

माहितीपत्रकं आली आहेत, सगळी डच भाषेत. माझं डच दोरा, सुई, उद्या या, परवा देते, एवढ्यावर चालतं. 'संरचित बीजक' असले शब्द मला मराठीतही कळत नाहीत. तू तिकडे सगळ्या तालुक्याची जीएसटीची कामं करतोस. जरा वाचून सांग, मी नेमकं काय करायचं.

हे बरे आहेत, कामात असतात. मायला यातलं काही बोलू नकोस. ती लगेच घोर लावून घेईल.

तुझी
वर्षाताई


मंगरूळपीर
२१ नोव्हेंबर २०२५

ताई,

तू आपल्या भावाले काय समजतं? इलेक्ट्रॉनिक बिल म्हणजे माह्या रोजचा धंदा हाय. नथमल शेठच्या दालमिलचं ई-बिल मीच काढतो. पोर्टलवर माल टाका, रक्कम टाका, नंबर येते, क्यूआर कोड येते, छापा अन् गाडीवाल्याच्या हातात द्या. शेठ पयले मले रोज शिव्या द्यायचा, आता त्याले माह्याशिवाय जमत नाई.

तुमचा देश मी नकाशावर पाह्यला. आपल्या विदर्भात तीनदा बसते. एवढ्याशा देशाचा नियम आपल्याले भारी पडन काय? तू फक्त तिथल्या पोर्टलचा यूजर आयडी अन् पासवर्ड पाठव. ओटीपी आला का व्हॉट्सॲपवर टाक. बाकी मी पाह्यतो. बिलाचा एक चांगला नमुनाबी बनवून ठेवतो, तुह्या सध्याच्या बिलापेक्षा झकास.

इकडे सोयाबीन निघालं, आता तुरीची वाट. तुहे बाबा, माहे मोठेबाबा, परवा ऑफिसात आलते, सातबाऱ्याचं काम होतं. म्हने, वर्षीचा फोन अलीकडे लहान होते. मी म्हटलं, काम वाढलं तिचं.

भाऊजीले नमस्कार सांग.

विकास


गेंट
१० डिसेंबर २०२५

प्रिय विकास,

उत्तराला उशीर झाला. रोज काम आटोपून संगणकापुढे बसते, तासभर घालवते आणि चिडून उठते.

पहिली गोष्ट, इथं तुझ्यासारखं सरकारी पोर्टलच नाही. सरकारनं नियम केला आणि बाजूला झालं. आपण बाजारातलं कुठलंतरी सॉफ्टवेअर घ्यायचं, त्या सॉफ्टवेअरनं आपल्याला त्या जाळ्यात नोंदवायचं. मी एक घेतलं. धंद्याचा नंबर टाकला. त्यानं क्षणात धंद्याचं नाव, पत्ता, सगळं बरोबर दाखवलं. मला वाटलं झालं. मग ते म्हणालं, आता धंद्याच्या मालकानं आपली ओळख पटवावी. इथं सरकारी ओळखपत्राचं एक ॲप असतं, ते मोबाइलवर उघडून बोट ठेवायचं. मी ठेवलं. ते म्हणालं, तुम्ही मालक नाही.

धंदा यांच्या नावावर आहे. सुरू केला तेव्हा माझा व्हिसा नवऱ्याच्या आधारावरचा होता, त्यात धंदा काढता येईल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. म्हणून यांनी गोदामातल्या नोकरीच्या जोडीला आपल्या नावावर काढला. त्यानंतर कुणी कधी विचारलंच नाही. कात्री माझी, मशीन माझी, गिऱ्हाइकं माझी, बिलावर फोन नंबरसुद्धा माझा.

मालकाच्या ओळखीशिवाय हे करायचा काही मार्ग आहे का, तेवढं शोध. घाई आहे.

वर्षाताई


मंगरूळपीर
१२ डिसेंबर २०२५

ताई,

मार्ग शोधायचा कायले? मालक घरातच हाय ना! संध्याकाळी भाऊजी आले का चहा दे, मोबाइल समोर धर, म्हना बोट ठेवा. दोन मिनिटाचं काम. माह्याकडे निम्म्या बायांची दुकानं नवऱ्याच्या नावावर हायेत. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येते, नवरा वावरात असते, मी वावरात फोन लावून ओटीपी घेतो. हे जगभर असंच चालते.

सोबत बिलाचा नमुना पाठवतो. वर तुह्या मशीनचं चित्र टाकलं, खाली क्यूआर कोड. यंत्रानं नाई वाचलं तर मले सांग.

विकास


गेंट
१४ जानेवारी २०२६

विकास,

यंत्रानं नाही वाचलं. माणसानं वाचलं, तेच वाईट झालं.

डिसेंबरचं बिल पाठवायची वेळ आली. जाळ्यात नोंदणी झालेली नाही, मग काय करणार? तुझा नमुना भरला आणि हॉटेलला ईमेलनं पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हिशेबाच्या बाईंचा फोन. शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ही पीडीएफ आहे. नवीन वर्षापासून आम्हाला पीडीएफ घेता येत नाही. आणि हे सीजीएसटी नऊ टक्के, एसजीएसटी नऊ टक्के म्हणजे काय?"

मी बघितलं तर खरंच! तुझ्या नमुन्यात खाली ते तसंच राहिलेलं. इथं कपडे दुरुस्तीला सहा टक्के, नवीन शिवलं तर एकवीस. बाईंना काय सांगू? म्हटलं, चुकून झालं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, तुम्ही योग्य पद्धतीनं पाठवा. मार्चपर्यंत सरकार प्रामाणिक प्रयत्न करणाऱ्यांना दंड करणार नाही. पण आमचं सॉफ्टवेअर तर आजपासूनच दुसरं काही स्वीकारत नाही."

लाँड्रीचंही तेच. तिथला मॅनेजर भला आहे. तो म्हणाला, "तू शिवतेस ते उत्तम आहे, पण तुझं बिल माझ्यापर्यंत पोहोचलं नाही तर माझ्या लेखी तू काम केलेलंच नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. मी एका सल्ला केंद्रात गेले. तिथल्या मुलीनं संगणकात बघून सांगितलं की माझीही एक नोंद आहे. मला आनंद झाला. विचारलं, काय म्हणून? तिनं डच शब्द सांगितला, मग इंग्रजीत समजावलं. मालकाला मदत करणारी जोडीदार. इतकी वर्षं मी मदत करत होते म्हणे.

तुझा राग आलाय. पण तुझ्याइतकाच मला माझाही आलाय, म्हणून जास्त लिहीत नाही.

वर्षाताई


मंगरूळपीर
१७ जानेवारी २०२६

ताई,

सीजीएसटीचं चुकलं, कबूल. घाईत जुन्या नमुन्यावर काम केलं. माफ कर.

पन आता मीबी सरळच बोलतो. नोव्हेंबरपासून तू मले लिहून राह्यली अन् सगळं एका बोटाशी अडलं हाय. भाऊजीचं बोट! एवढं काय अवघड हाय त्यात? तू मागायले लाजतं काय त्यायले? का त्यायले तुह्या धंद्याची किंमत नाई? मी भाऊजीले व्हॉट्सॲप केला तर दोन दिवस एकच टिक. नंबर बदलला काय? बदलला असन तर दे.

तुहं मागचं पत्र पिंकीनं वाचलं. (हो, बायकोले दाखवलं, रागवू नको. माह्या डोक्याचा भुगा झालता.) ती म्हने, "तुमी तांत्रिक अडचण समजून राह्यले. मले नाई वाटत ते तांत्रिक हाय." मी म्हटलं, तुले काय समजते त्यातलं.

सोमवारी मले मानोऱ्याकडे काम हाय. इंझोरी रस्त्यावरच पडते. तुह्या सासऱ्याकडं जातो, इंद्रभानमामाकडून भाऊजीचा नवा नंबर घेतो अन् त्यायलेच सांगतो, पोराले फोन लावा. एका दिवसात निकाल.

विकास


गेंट
१९ जानेवारी २०२६

विकास, इंझोरीला जाऊ नकोस. कारण नंतर लिहिते. नको जाऊस.

वर्षाताई


मंगरूळपीर
२१ जानेवारी २०२६

ताई,

तुहा ईमेल मी इंझोरीहून आल्यावर पाह्यला.

काय झालं ते जसंच्या तसं सांगतो. दुपारी पोचलो. इंद्रभानमामा अंगणात तुरीच्या पेंढ्या लावत होते. मले पाहून त्यायनं हातातली पेंढी खाली टाकली. मी आपला हसत हसत म्हटलं, "मामा, तुमच्या पोराचं एक बोट पायजे." त्यायले काई समजलं नाई. मी सगळं सांगतलं, बिलाचं, ॲपचं, नंबर लागत नाई त्याचं.

गोमतीमामी पान्याचा गिलास घेऊन आली अन् तिथीच उभी राह्यली. म्हने, "विकास, तुले तुह्या बहिणीनं सांगतलं नाई काय? आमचा हरीओम तिथी राहत नाई. तो हॉलंडात हाय, दसऱ्यापासून."

मले वाटलं नोकरीसाठी. म्हटलं, "मंग शनिवार-रविवार येत असन." मामा बोलले, "येत नाई."

मी तिथी कसा बसलो होतो ते माह्यं मले माहीत. गिलास हातातच. मी नंबर मागायले गेलतो अन् तिथलं सगळं घर माह्याकडं असं पाहून राह्यलं होतं जसा मी भांडायले आलो. मामांनी माह्यासमोरच हरीओमले फोन लावला. हॉलंडचा नंबर. म्हने, "तुह्या बायकोचं काम अडलं हाय, ते करून दे." तिकडून तो काय बोलला ते मले ऐकू नाई आलं. मामांनी फोन ठेवला अन् पुन्हा पेंढ्या लावायले गेले. मले बसा म्हटलं नाई, जा म्हटलं नाई.

येताना मोटारसायकल दोनदा बंद पडली. का मीच बंद पाडली, देव जाने.

तू मले कायले सांगतलं नाई, ताई? 'हे बरे आहेत, कामात असतात' लिहिलं तू. मी तुले चहा देऊन बोट माग म्हटलं! तुले वाचून काय वाटलं असन? अन् मी तुह्या सासरी जाऊन तोंडघशी पडलो ते वेगळंच.

पिंकी बोलून नाई राह्यली माह्याशी. म्हने, मी सांगतलं होतं.

विकास


गेंट
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय विकास,

बरेच दिवस काही लिहिलं नाही. आधी रागानं, मग लाजेनं, आणि नंतर खरंच कामात होते.

तू विचारलंस, का नाही सांगितलं. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, म्हणून. भांडण झालं असतं, मारझोड झाली असती, कुणी बाई असती, तर मी फोन करून रडले असते आणि तुम्ही सगळे त्याला शिव्या देऊन मोकळे झाला असता. त्याला हॉलंडात चांगली नोकरी मिळाली. सुरुवातीला शुक्रवारी यायचा. मग एका शुक्रवारी म्हणाला, थकवा आहे. पुढच्या शुक्रवारी कारणही सांगितलं नाही. दसऱ्याला आला, त्याचे हिवाळ्याचे कपडे घेतले, मी त्याच्या जॅकेटची झिप बदलून दिली, आणि गेला. जाताना म्हणाला, "वर्षा, मले हे घर कारखान्यासारखं वाटते." माझ्या मशिनींचा आवाज त्याला सहन होत नव्हता. मी म्हटलं, दरवाजा लावून काम करते. तो म्हणाला, "दरवाजा लावूनच तर करतं."

हे मी मायला कसं सांगू? ती म्हणेल, मंग मशीन बंद कर.

सासऱ्यांच्या फोननंतर त्याचा मला फोन आला. ओरडला नाही. म्हणाला, "ओळख पटवून देतो मी, दोन मिनिटाचं काम हाय. पन मंग बिलं माह्या नावानं जातीन, टॅक्सबी माह्या नावावर चढन. मी तिथी राहतच नाई, मी कुठवर निस्तरत बसू? मार्चच्या शेवटाले धंदा बंद करून टाकतो."

विकास, मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? तो बरोबर बोलत होता. नाव त्याचं, नंबर त्याचा, जबाबदारी त्याची. त्याच्या बाजूनं विचार केला तर त्यात खोट नाही. त्याचा एक फोन माझ्या सगळ्या कामाचा शेवट ठरवत होता आणि मला एक वाक्यही चुकीचं सापडत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी एका वेटरच्या कोटाची बाही उलटी लावली. पुन्हा उसवली.

हॉटेलनं काम पाठवणं थांबवलंय. लाँड्री अजून पाठवते, पण मॅनेजर रोज विचारतो.

तू इंझोरीला गेलास याचा राग आता नाही. कुणीतरी जायलाच हवं होतं. पिंकीला माझा नमस्कार सांग. तिला सगळी पत्रं दाखवत जा, चालेल.

वर्षाताई


मंगरूळपीर
१० फेब्रुवारी २०२६

ताई,

तुहं पत्र पिंकीनं मोठ्यानं वाचलं अन् मी ऐकलं.

मी रोज लोकाईचे नंबर काढतो, जीएसटीचे, उद्यमचे. नवरा-बायको दोघं समोर बसले असले तरी अर्जात नाव कोनाचं टाकू हे मी नवऱ्यालेच विचारतो. बाईकडं पाहतबी नाई. काल एक जोडपं आलतं, पिठाच्या गिरणीचं. गिरणी बाई चालवते, पट्टा बाई बदलते. मी सवयीनं नवऱ्याकडं पाह्यलं अन् मले तुह्या पत्राची याद आली. मंग बाईले विचारलं. ती घाबरली अन् तिनंबी नवऱ्याकडंच पाह्यलं. काय करावं मानसानं!

आता कामाचं. हरीओमचं बोट विसर. त्याचा नंबर बंद व्हायच्या आत तू आपला नंबर काढ. तुह्या नावावर, नवा. तुहं राहायचं कार्ड आता तुह्या स्वतःच्या हक्काचं हाय, असं तू मागच्या वर्षी तुह्या मायले सांगत होती ना? मंग कायले अडन? मी रात्रंदिवस त्या देशाचं वाचून राह्यलो. धंदा नोंदवायच्या खिडक्या असतात तिथी. जाऊन उभी राह्य. कोनी 'मदत करणारी' म्हटलं तर सांग, मदत आता बंद झाली.

एवढंच मले समजते. बाकीचं मले समजत नाई, अन् समजते असं मी आता म्हनतबी नाई.

विकास


गेंट
२२ मार्च २०२६

प्रिय विकास,

मी त्या खिडकीवर गेले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

पहिल्यांदा बाई म्हणाली, भेटीची वेळ घेऊन या. वेळ घेतली. दुसऱ्यांदा माझं कार्ड बघितलं, मान डोलावली, म्हणाली, धंदा काढायला काही हरकत नाही. मी मनातल्या मनात उडी मारली. मग तिनं पत्ता टाकला आणि संगणकानं सांगितलं, या पत्त्यावर शिवणकामाचा धंदा आधीच आहे. तुमचा आहे का? मी म्हटलं, हो. मग म्हटलं, नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं, "काम माझं, नंबर नवऱ्याचा. नवरा गेला." ती म्हणाली, "वारले का?" मी म्हटलं, "नाही, हॉलंडला." तिला हसू आलं, तिनं दाबलं, आणि मलाही आलं. त्या एका मिनिटात मला बरं वाटलं.

मग नंबर मिळाला. पण तो नुसता नंबर. टॅक्सखात्यानं तो चालू करेपर्यंत बिल काढता येत नाही. चालू झाल्याचं पत्र येईल म्हणाले. पत्र येत नाही. फोन केला तर ध्वनिमुद्रित आवाज सांगतो, आमच्या संकेतस्थळाला भेट द्या. संकेतस्थळ म्हणतं, फोन करा.

मधल्या काळात हॉटेलच्या बाईंना कळवलं की लवकरच नवा नंबर देते. त्या म्हणाल्या, नवा नंबर म्हणजे आमच्या दृष्टीनं नवा पुरवठादार. मंजुरी पहिल्यापासून. मी त्यांच्या पडद्यांची प्रत्येक शिवण ओळखते, विकास. कुठल्या खोलीतल्या पडद्याला सिगारेटचं भोक आहे ते मला माहीत आहे. आणि मी नवी!

परवा चिडून मशिनीच्या पेडलवर इतका जोरात पाय मारला की पट्टा तुटला. मग बसले दुरुस्त करत.

धंद्याला वेगळं नाव द्यायचं का, असं त्या खिडकीवरच्या बाईनं विचारलं होतं. मी म्हटलं, नको. माझं नावच पुरे.

वर्षाताई


मंगरूळपीर
२६ मार्च २०२६

ताई,

एक सांगायचं होतं, म्हणून घाईनं लिहितो. इंझोरीचं कोनीतरी लग्नाची पत्रिका द्यायले रिठदले गेलतं. तुही माय, माही मोठीमाय, आज मले फोनवर म्हने, "वर्षीचं काई हाय काय? लोकं माह्याकडं पाहून बोलनं थांबवतात." मी म्हटलं, नेट नाई, आवाज येत नाई, अन् फोन ठेवला. माह्यानं खोटं बोलवलं नाई अन् खरंबी सांगवलं नाई.

दुसऱ्याच्या तोंडून ऐकायच्या आत तू सांग. मी सांगनार नाई. ते तुह्यं हाय.

विकास


गेंट
१२ एप्रिल २०२६

प्रिय विकास,

टॅक्सखात्याचं पत्र आलं. आलं तेव्हा मी घरी नव्हते, शेजारणीनं घेतलं, ती गावाला गेली, आणि मी रोज तिच्या बंद दाराकडे बघत बसले. पण आलं.

सॉफ्टवेअर उघडलं. नवा नंबर टाकला. ओळख पटवा म्हणालं. मी बोट ठेवलं. या वेळी काही म्हणालं नाही, सरळ पुढच्या पानावर गेलं. मी थोडा वेळ तशीच बसले, एखादा नकार अजून यायचा असेल म्हणून.

लाँड्रीचं बिल केलं. पाठवा दाबलं. खाली हिरव्या अक्षरात आलं, पोहोचले. पाचच मिनिटांत मॅनेजरचा फोन, "आता तू दिसतेस." हॉटेल मात्र गेलं. त्यांनी फेब्रुवारीतच दुसऱ्या कुणालातरी काम दिलं होतं, बाईंनी इतके दिवस सांगितलं नव्हतं. पडदे आता तो शिवतो. दुःख झालं, खोटं कशाला सांगू.

बिल नीट वाचलं तेव्हा एक गोष्ट दिसली. यंत्रानं नाव माझ्या कार्डावरून घेतलंय, आणि कार्डावर पासपोर्टवरून. विक्रेता, वर्षाराणी हरीओम खिराडे. म्हणजे मधे तो बसलेलाच आहे, प्रत्येक बिलावर. मी त्या खिडकीवर फोन केला. त्यांनी सांगितलं, आधी पासपोर्ट बदला. पासपोर्टसाठी वकिलात, वकिलातीसाठी प्रतिज्ञापत्र, आणि प्रतिज्ञापत्रात कारण. मी फोन ठेवून दिला आणि उशीवर तोंड दाबून ओरडले.

त्याच रागात मायला फोन लावला. राग नसता तर लावलाच नसता. सगळं एका दमात सांगितलं. तो गेला, दसऱ्यालाच गेला, भांडण नाही, तो धंदा बंद करतो म्हणाला, मी वेगळा काढला. तिकडून काही आवाज नाही. मी म्हटलं, "माय, हायस ना?"

ती म्हणाली, "हाव." मग म्हणाली, "बाबा इथीच हायेत. ते ऐकून राह्यले." मला वाटलं, आता म्हणेल मशीन बंद कर, घरी ये.

ती म्हणाली, "धंदा कोनाच्या नावावर हाय म्हटलं तू?"

"माह्या."

"कागद हाय काय समोर?"

"कागद नसते आता माय, कॉम्प्युटरवर हाय."

"मंग वाच. बाबाले ऐकू दे."

मी वाचलं. विक्रेता, वर्षाराणी हरीओम खिराडे. गेंट, बेल्जियम.

बाबा खाकरले. मायनं त्यांना पाणी दिल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मधलं नाव जरा हळू आवाजात वाचत जाय."

तुझी
वर्षाताई